घरामागचा नंदीबैल: तेलविहिरीच्या सुनावणीत दोन मिनिटांत काय बोलावं?

वाळवण

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून लिहितेय.

आम्ही लॉस एंजेलिस काउंटीतल्या एका छोट्या शहरात राहतो. शहराचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. तीन वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा मागच्या गल्लीपलीकडे बोगनवेल चढलेली उंच भिंत होती. एजंट म्हणाला, "युटिलिटी आहे." आम्हाला वाटलं पाण्याची टाकी असेल. राहायला आल्यावर वरच्या खोलीची खिडकी उघडली आणि लेक ओरडली, "आई, नंदीबैल!" खरंच, मान खाली-वर करणारे चार पंपजॅक, म्हणजे तेल उपसणारे पंप. मला तर आधी गंमतच वाटली.

गंमत संपली सासूबाई नाशिकहून आल्यावर. पहिल्याच आठवड्यात पहाटे मला उठवून म्हणाल्या, "गॅस चालू राहिलाय का बघ गं." आमची शेगडी इलेक्ट्रिक आहे. बाहेर येऊन पाहिलं तर सडक्या अंड्यांचा वास, आणि भिंतीपलीकडे रात्रीच्या अडीचला दिवे लावून कसलंसं काम चाललेलं. मला हा वास सवयीने जाणवेनासा झाला होता, त्यांना जाणवला.

तेव्हापासून सासूबाई भिंतीवरच्या कालनिर्णयवर नोंद करतायत. दूधवाला आला नाही की खाडा मांडायचा, सिलिंडर लावला की तारीख टाकायची, ती त्यांची जुनी सवय. हलका वास आला की "वा", जोरात आला की "वा वा". साडेचार महिने झाले.

आता मुद्दा. आमच्या शहराने तेलविहिरींच्या नियमांचा मसुदा काढलाय. नवीन विहिरी बंद, आहेत त्या २० वर्षांत बंद. तीन आठवड्यांनी प्लॅनिंग कमिशनपुढे सुनावणी आहे. आम्ही अकरा घरं एकत्र आलोय, त्यातली सहा स्पॅनिश बोलणारी. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, बाकी अनुभव शून्य. माणशी दोन मिनिटं मिळणार. काय मागावं? २० वर्षांत माझी लेक पार मोठी होईल हो.

बटर_टोस्ट

कौन्सिलमध्येही नंदीबैलच बसले असतील तर कठीण आहे. विचारणाऱ्याच्या खिशाकडे बघून मान हलवतात.

(जागा धरून ठेवली. वाचतोय.)

गोडा_मसाला

कोणी चिडू नका, पण विहीर आधीची की तुमचं घर आधीचं? त्या भागात घरं स्वस्त का मिळतात ते घेताना बघायला हवं होतं. विमानतळाशेजारी घर घ्यायचं आणि आवाजाची तक्रार करायची, तसंच झालं हे.

वाळवण

@गोडा_मसाला, स्वस्त? कर्जाचा हप्ता दाखवू का? आणि विहीर आधीची असली तरी रात्री अडीचचं काम आधीचं नाही, ते गेल्या वर्षी सुरू झालं.

पण तुमच्यामुळे एक बरं झालं, काल खरेदीखत काढून वाचलं. त्यात ओळ आहे: ५०० फुटांखालचं तेल, वायू आणि खनिजं वगळून. म्हणजे घर माझं, अंगण माझं, खालचं दुसऱ्याचंच. सही करताना ही ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती, डोक्यात शिरली नव्हती.

तळ्यात_मळ्यात

अगं वाळवण, ती ओळ इथे निम्म्या खरेदीखतांत असते. मी लॉस एंजेलिसच्या पश्चिम भागात २२ वर्षं आहे आणि असल्या सुनावण्यांना बसून खुर्च्या झिजवल्या आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

लोकांना वाटतं हॉलिवूडच्या गावात तेल कुठलं. उलट आहे. डोहेनी नावाच्या माणसाने इथे १८९२ मध्ये तेल काढलं, तेव्हा हॉलिवूडला सिनेमा यायचा होता. १९२१ मध्ये सिग्नल हिल, १९२४ मध्ये बाल्डविन हिल्समधलं इंगलवूड क्षेत्र. हे शेवटचं सुमारे हजार एकरांचं, आणि आजही चालू आहे. शहर नंतर त्याच्या अंगावर वाढत गेलं. त्यामुळे "आधी कोण" हा प्रश्न इथे दर गल्लीत वेगळा सुटतो.

श्रीमंत भागात विहिरींना वेष दिलाय. पिको बुलेवार्डवर एक बिनखिडक्यांची उंच इमारत आहे, लोक प्रार्थनास्थळ समजतात, आत विहिरी आहेत. लाँग बीचसमोरच्या बेटांवर माडाची झाडं आणि धबधबे, मागे तेलाचं काम. दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये मात्र नुसती भिंत आणि वर उघडं आभाळ. तुमची बोगनवेल मधल्या वर्गातली म्हणायची.

आता कामाचं. युनिव्हर्सिटी पार्कचं प्रकरण वाचून ठेव. जागा चर्चच्या मालकीची, ॲलनको नावाची कंपनी २००९ पासून चालवत होती, समोरच घरं. मुलांच्या नाकातून रक्त, डोकेदुखी, दम्याचे झटके. तिथल्या आयांनी दारोदार जाऊन विचारायला सुरुवात केली तेव्हा कळलं की प्रत्येक घर "आमच्याच पोराला काहीतरी झालंय" असं समजत होतं. नायेली कोबो त्यांच्यातलीच, नऊ वर्षांची असल्यापासून माइकपुढे बोलायची. त्यांच्या मोहिमेचं नाव "पीपल नॉट पोसोस", पोसोस म्हणजे विहिरी. शेकडो तक्रारी गेल्या, कोणी हलेना. २०१३ मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेचे अधिकारी तपासणीला आले आणि त्यांनाच घसा-डोकं धरायला लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात काम थांबलं. कायमचं बंद करायचा आदेश यायला २०२० उजाडलं. कोबोला १९ व्या वर्षी कॅन्सर झाला, त्यातून उठली, आणि २०२२ मध्ये पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला.

ह्यातून तुमच्या उपयोगाचं इतकंच: "आम्हाला त्रास होतो" हे वाक्य सुनावणीत दर माणूस म्हणतो. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा हे कोणी म्हणत नाही. तुझ्या सासूबाईंचं कालनिर्णय हे तुमच्याकडचं सगळ्यात मोठं हत्यार आहे. त्यांना माझा नमस्कार सांग.

आणखी एक. वास आला की हवेच्या खात्याकडे प्रत्येक घराने वेगळी तक्रार नोंदवायची. ग्रुपवर "+१" टाकून भागत नाही. उपद्रवाच्या नियमात "बऱ्याच लोकांना" त्रास झाला पाहिजे अशी भाषा आहे. अकरा घरांतून एकच फोन गेला तर तो एका माणसाचा त्रास ठरतो. आणि निरीक्षक येईपर्यंत वास विरून जातो, म्हणून फोन लगेच, पहाटे तीनला असला तरी.

रात्रपाळी

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. आधी अंकलेश्वर, मग बेकर्सफील्ड, सगळं आयुष्य तेलात गेलं. आता निवृत्त, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

वाळवणताई, तुम्ही चुकीच्या जनावरावर डोळा ठेवलाय. तुमचा नंदीबैल, म्हणजे आमच्या भाषेत एसआरपी, बराचसा निरुपद्रवी. दांड्याला जिथे सील असतं तो स्टफिंग बॉक्स गळत नसेल तर त्याच्यापासून वास फारसा येत नाही. वास येतो मागच्या टाक्यांतून. तेल, पाणी, वायू वेगळे करतात तिथून, टाकीच्या झाकणांतून, ट्रक भरताना. रात्रीचे दिवे म्हणजे बहुधा वर्कओव्हर रिग: आतले दांडे, नळ्या वर काढून दुरुस्ती. तेव्हा आवाजही आणि वासही.

म्हणून "विहीर बंद करा" ह्याच्या जोडीला हे मागा: टाक्यांतली वाफ पकडणारी यंत्रणा, ठरावीक काळाने गळतीची तपासणी, कुंपणावर सतत चालणारे मापक आणि त्याचे आकडे लोकांना उघड. रात्रीचं काम फक्त आणीबाणीत, आणि आणीबाणी म्हणजे काय ते नियमातच लिहून. नाहीतर प्रत्येक दुरुस्ती आणीबाणी होते, मी स्वतः तसे फॉर्म भरलेले आहेत.

दुसरं, दक्षिण कॅलिफोर्नियाच्या हवा खात्याचा २०१३ पासूनचा नियम आहे. विहीर खोदणं, दुरुस्त करणं, आम्ल सोडणं असल्या कामांची आगाऊ सूचना कंपनीने द्यायची आणि ती संकेतस्थळावर लागते. सासूबाईंच्या "वा वा"च्या तारखा त्या यादीशी ताडून बघा. प्रत्येक विहिरीला क्रमांक असतो, राज्याच्या तेल विभागाच्या नकाशावर सापडेल.

आता कडू. कॅलिफोर्नियाच्या रिफायनऱ्यांत निम्म्याहून जास्त कच्चं तेल परदेशातून बोटींनी येतं. इराक, इक्वेडोर, ब्राझील. तुमची गाडी चालूच राहणार, फक्त नंदीबैल दुसऱ्या कोणाच्या घरामागे मान हलवणार. त्याचाही विचार करा एवढंच.

तळ्यात_मळ्यात

@रात्रपाळी काका, इक्वेडोरच्या माणसाची काळजी वाटते म्हणून माझ्या भिंतीमागे विहीर ठेवायची, हा हिशोब मला कधीच कळला नाही. पण टाक्यांचा मुद्दा लाखमोलाचा. इतक्या वर्षांत आमच्यातल्या कोणालाच हे सुचलं नव्हतं, आम्ही आपले पंपांचे फोटो घेऊन जायचो.

पोटकलम

मी वकील आहे, पण हा सल्ला नव्हे, धाग्यावरच्या गप्पा.

कॅलिफोर्नियात ह्या विषयाची गोची "कुठे" आणि "कसं" ह्या दोन शब्दांत होती. जमीन कशासाठी वापरायची हे शहर ठरवतं, म्हणजे "कुठे". विहीर कशी चालवायची हे राज्य बघतं. मॉन्टेरे काउंटीच्या मतदारांनी २०१६ मध्ये मेझर झेड हा मतदानाला टाकलेला प्रस्ताव मंजूर करून नव्या विहिरी आणि सांडपाणी जमिनीत सोडणं बंद केलं. शेवरॉन ही तेल कंपनी कोर्टात गेली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं: हा "कसं"चा प्रांत, तुमचा नव्हे.

त्याचा फटका लॉस एंजेलिसला बसला. त्या शहराने डिसेंबर २०२२ मध्ये १२ विरुद्ध ० मतांनी नवीन विहिरी बंद आणि जुन्या २० वर्षांत बंद असा नियम केला होता. स्टँड-एलए आघाडीने त्यासाठी कित्येक वर्षं घालवली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी तो मॉन्टेरेच्याच आधारावर उडवला. आणि त्याच महिन्यात राज्यपालांनी एबी ३२३३ ह्या कायद्यावर सही केली: शहरं आणि काउंट्या तेलाचं काम मर्यादित करू शकतात, बंदही करू शकतात. तुमच्या शहराला आता मसुदा काढायचा धीर आला तो त्यामुळे, असा माझा अंदाज.

शिवाय एसबी ११३७ आहे. घरं, शाळा, दवाखाने ह्यांपासून ३,२०० फुटांच्या आत नवीन विहीर नाही. २०२२ चा कायदा, पण तेल उद्योगाने सह्या गोळा करून तो सार्वमतासाठी अडवला आणि जून २०२४ मध्ये स्वतःच माघार घेतली. म्हणजे "नवीन विहिरी बंद" हे मसुद्यातलं कलम तुमच्या गल्लीपुरतं राज्याने आधीच देऊन टाकलंय. त्याबद्दल आभार मानण्यात दोन मिनिटं घालवू नका. भांडण २० ह्या आकड्याचं आणि मधल्या वर्षांतल्या अटींचं आहे.

२० कुठून येतात? कंपनीने घातलेला पैसा वसूल व्हायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर भरपाईचा दावा. पण तो वेळ अभ्यास करून ठरवायचा असतो. कल्व्हर सिटीने असा अभ्यास करून घेतला आणि २०२१ मध्ये आपल्या हद्दीतल्या विहिरींना पाच वर्षं दिली. तेव्हा विचारा: आमचे २० कोणत्या अभ्यासातून आले? तो अभ्यास नसेल तर तो करून घ्या, ही मागणी करा.

प्रक्रियेच्या चार गोष्टी:
नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, रोज बघत जा. जे बोलणार ते लेखीही द्या, कारण सुनावणीत न मांडलेला मुद्दा पुढे कोर्टात उचलता येत नाही. कागद देताना मूळ प्रत देऊ नका, दिलेलं नोंदीत जातं. आणि दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला दुप्पट वेळ द्यावाच लागतो, तसा कायदा आहे. तुमच्या स्पॅनिश शेजाऱ्यांना मोडक्या इंग्रजीत दोन मिनिटं उरकायला लावू नका.

बटर_टोस्ट

दुप्पट वेळ मराठीलाही लागू आहे का?

पोटकलम

भाषेचं नाव कायद्यात नाही. 😀

सांडगी_मिरची

टेक्सासमधून, डॅलसजवळून लिहितेय. कॅलिफोर्नियाचं नशीब चांगलं, राज्य निदान बाजूने उभं राहिलं. डेंटनची गोष्ट ऐका. विद्यापीठाचं गाव, बार्नेट शेल नावाच्या वायू असलेल्या खडकाच्या थरावर बसलेलं. घरांपासून काहीशे फुटांवर फ्रॅकिंग, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडक फोडणं. लोकांनी शहराच्या नियमांत सुधारणा मागितली, जमेना, मग थेट बंदीच मतदानाला टाकली. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुमारे ५९ टक्के मतांनी जिंकले. दुसऱ्याच दिवशी दावे दाखल. मे २०१५ मध्ये राज्यपालांनी एचबी ४० वर सही केली, असली बंदी घालायचा शहरांचा हक्कच काढून घेतला. जूनमध्ये डेंटनच्या कौन्सिलने स्वतःच्या हाताने बंदी मागे घेतली. मतदान जिंकून सात महिन्यांत शून्य.

पण त्या कायद्यातही जमिनीवरच्या गोष्टी शहरांकडे राहिल्या: आवाज, दिवे, वाहतूक, आगीची तयारी, सूचना. म्हणून रात्रपाळी काकांची यादी मला जास्त टिकाऊ वाटते. बंदी एका सहीने जाते.

गोडा_मसाला

मग माझा मुद्दा राहतोच. शहराने कंपनीला हाकललं तर दावा होणार, पैसे तुमच्याच करातून.

तळ्यात_मळ्यात

@गोडा_मसाला, होणार. हर्मोसा बीचला विचारा. दीड चौरस मैलाचंही नाही ते गाव. जुन्या कराराच्या दाव्यात तडजोड झाली ती अशी: लोकांनी ३४ विहिरींना होकार दिला तर प्रश्न मिटला, नकार दिला तर गावाने १ कोटी ७५ लाख डॉलर भरायचे. मार्च २०१५ मध्ये मतदान झालं. किंमत पाकिटावर छापलेली असूनही सुमारे ७९ टक्के लोकांनी नकार दिला. वेडे होते म्हणा हवं तर, पण हिशोब करून वेडे होते.

चेंबूरचा_धूर

इकडून, मुंबईतल्या माहुलची आठवण झाली. पाइपलाइनवरच्या झोपड्यांतून उठवलेल्या लोकांना रिफायनऱ्यांच्या कुशीत इमारती दिल्या. तिथेही आधी बायकांनीच औषधांच्या चिठ्ठ्या जमवल्या. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने दुसरीकडे राहायला महिना १५,००० रुपये भाडं द्यायला सांगितलं. आदेश कागदावर आला तरी घर मिळेपर्यंत बसून राहावं लागतं, एवढंच सांगतो. चिठ्ठ्या जपून ठेवा.

रात्रपाळी

एक राहिलं. विहीर बंद करणं आणि बुजवणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसती थांबवलेली विहीर जुनी होत गळत राहते. आत सिमेंटचे बूच बसवून वरची नळी कापून टाकली की ती बुजली. खर्च कोण करणार आणि पैसे आधी ठेवणार का, हे नियमात हवं. कंपनी वीस वर्षांनी असेलच असं नाही. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स भागात कपड्यांच्या दुकानात जमिनीखालचा मिथेन साठून स्फोट झाला होता, २३ जण जखमी. खाली जुनं तेलक्षेत्र, वर सेल चालू.

वाळवण

काल सुनावणी झाली. झोप झालेली नाही, चुका पोटात घाला.

आमचा विषय सातवा. आधी कोणाच्या तरी कुंपणाच्या उंचीवर पाऊण तास. सव्वादहाला आमचं नाव आलं. एका बाजूला कंपनीचे लोक, एकसारख्या टोप्या, त्यांच्याबरोबर युनियनचे कामगार. त्यातला एक जण म्हणाला, मी ह्या जागेवर १७ वर्षं आहे, माझी दोन पोरं ह्यावर शिकली. मला उगीच अपराधी वाटलं. आमच्या ग्रुपने तिथल्या तिथे ठरवून एक वाक्य जोडलं: बुजवण्याचं काम ह्याच कामगारांना द्या. तो माणूस वळून बघायला लागला.

तारखा ताडल्या होत्या. कॅलेंडरवर १४ "वा वा" होते. त्यातले नऊ कंपनीने हवा खात्याला कळवलेल्या कामाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. उरलेल्या पाचांवर मी बोललेच नाही, एवढं शहाणपण आलं होतं.

आणि हो, सासूबाई बोलल्या. मराठीत. मी दुभाषी, चार मिनिटं. अध्यक्षबाईंनी विचारलं, हे "वा" म्हणजे काय? सासूबाई म्हणाल्या, "वास. पण आमच्याकडे गाणं आवडलं की असंच म्हणतात." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं आणि सभागृहात पहिल्यांदा हशा पिकला, टोप्यांच्या बाजूलाही. मग त्यांनी २ वाजून ४० मिनिटं, पहाट, खिडक्या बंद, तरी वास, नात खोकत होती, असं एकेक पान उलटत वाचलं. तेव्हा कोणी हसलं नाही.

निकाल: निकाल नाही. विषय पुढच्या महिन्यावर ढकलला. कर्मचाऱ्यांना सांगितलंय की आगाऊ सूचना, रात्रीच्या कामाची व्याख्या आणि टाक्यांच्या वाफेवर कलमं लिहून आणा. बुजवण्याच्या पैशांवर "बघू". २० वर्षांना मात्र कोणी हात लावला नाही. अभ्यास कुठला हे विचारलं तर शहराच्या वकिलांनी "इतर शहरांत असंच आहे" असं उत्तर दिलं. पोटकलम, ते वाक्य मी शब्दशः लिहून घेतलंय.

पोटकलम

छान. त्या वाक्याची चित्रफीत शहराच्या संकेतस्थळावर येईल, उतरवून ठेवा. कॅलेंडरची प्रत दिलीत ना, मूळ नाही?

वाळवण

...अध्यक्षबाईंनी हात पुढे केला आणि सासूबाईंनी देऊन टाकलं. क्लार्कबाईंनी त्यावर शिक्का मारून पुरावा क्रमांकही घातला, नेमका चतुर्थीच्या चौकोनावर.

आता त्या मला सकाळपासून विचारतायत, पुढची एकादशी कधी आहे? कोणाकडे ह्या वर्षीचं पान असेल तर फोटो टाका प्लीज. आणि कोऱ्या महिन्यांचेही टाका, नोंदी चालू ठेवायच्या आहेत.